१२८ चा ताळा आणि मूळ संख्या

नऊचा ताळा येत असेल, तर मोठमोठ्या मूळ संख्या तपासायची ही रीतही तुम्हाला जमेल. इंदूरला रामबागेत माझ्याकडे संध्याकाळी मुलं गणिताला येतात, ती हे ओसरीतल्या कोटा फरशीवर खडूने करतात. तुम्ही वही घ्या.

२ चा घात करून १ वजा केला की मर्सेन संख्या मिळते. ती मूळ असायची तर घातांक मूळ असावा लागतो, पण तेवढं पुरत नाही: २ चा ११ वा घात उणे १ म्हणजे २०४७, आणि ती निघते २३ गुणिले ८९.

चाचणी अशी. ४ लिहा. वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवा. त्या बाकीवर पुन्हा तेच. घातांकातून २ वजा करा, तितक्या वेळा. शेवटी शून्य उरलं तरच संख्या मूळ. (घातांक विषम हवा.)

७ वा घात घेऊ, म्हणजे १२८ उणे १, १२७. फेऱ्या पाच. पहिल्या फेरीत १४, दुसरीत १९४. इथे मुलं भागाकार मांडायला बसतात, मी हात धरते. १० ला ९ ने भागून १ उरतो म्हणून नऊच्या ताळ्यात नुसते अंक मिळवतो ना? तसाच १२८ ला १२७ ने भागून १ उरतो. मग १९४ म्हणजे एक १२८ आणि वर ६६, मिळवा, ६७. ६७ चा वर्ग उणे २, ४४८७: त्यात १२८ पस्तीस वेळा, वर ७, म्हणून ४२. पुढे १७६२: तेरा वेळा, वर ९८, म्हणजे १११. शेवटी १२३१९: शहाण्णव वेळा, वर ३१. बेरीज १२७, म्हणजेच शून्य! फरशीवर हे शून्य उमटतं तेव्हा मला आजही भरून येतं.

मी पहिल्यांदा केलं तेव्हा ६७ च्या वर्गातून २ वजा करायचे राहिले. ४२ च्या जागी ४४ आले, शेवटी उरले ७७, आणि १२७ मूळ नाही असं मी वहीत लिहून मोकळी झाले. म्हणून 'उणे २' साठी वेगळा रकाना आखाच.

फ्रेंच गणिती ल्युकासने १८७६ मध्ये याच विचाराने २ चा १२७ वा घात उणे १ ही ३९ अंकी संख्या मूळ ठरवली. अमेरिकन गणिती लेहमरने १९३० मध्ये रीत आजच्या रूपात आणली. २०२४ मध्ये जाहीर झालेली ४,१०,२४,३२० अंकी मूळ संख्या, २ चा १३,६२,७९,८४१ वा घात उणे १, हिची खात्रीही याच चाचणीने केली. फरशीवरची आणि ती, रीत एकच.

२०४७ वर करून पाहा, नऊ फेऱ्यांनंतर १७३६ उरतील. मग १३ वा घात घ्या, ८१९१. ताळा ८१९२ चा. तिसऱ्या फेरीला ४८७०, सातव्या फेरीला ३६, दहाव्या फेरीला १२८ आले तर तुमचं बरोबर चाललंय. अकरावी फेरी तोंडी करा.