बिनबॅटरीचा रेडिओ: धारवाड केंद्र कानाशी आणायचं कसं

सुरुवात एरियलपासून करा, कॉइलपासून नको. क्रिस्टल सेटला, म्हणजे या साध्या रेडिओला, ना बॅटरी लागते, ना वीज. कानात जो आवाज येतो, त्याची सगळी ताकद धारवाड आकाशवाणीच्या मनोऱ्यावरून हवेतून आलेली असते. ७६५ किलोहर्ट्झचं ते केंद्र बेळगावहून ७०-७५ किलोमीटरवर आहे. तुमच्या तारेत त्यातलं जेवढं उतरेल, तेवढ्यावरच सेट चालणार. म्हणून आधी साध्या ट्रान्झिस्टरवर मीडियम वेव्ह लावा आणि दिवसा धारवाड स्वच्छ लागतं का, ते बघून घ्या.

एरियल. गच्चीपासून नारळापर्यंत २० मीटर तांब्याची तार ओढा. दोन्ही टोकं नायलॉनच्या दोरीने बांधा. विजेच्या तारांच्या आसपासही ती जाऊ देऊ नका. ऐकून झालं की एरियल घराबाहेरच अर्थला, म्हणजे जमिनीत ठोकलेल्या सळईला, जोडून ठेवा. वळवाचा गडगडाट सुरू झाल्यावर तारेला हात लावायचा नाही.

अर्थ. बहुतेकांचा सेट इथेच फसतो. खानापूरकडच्या तांबड्या, जांभ्या मातीत ठोकलेली सळई एप्रिलात कोरडी पडते. माझ्या सेटचा आवाज असाच बसला होता. सळईभोवती दोन बादल्या पाणी ओतलं आणि निवेदकाचा शब्द न् शब्द कळायला लागला. निपाणी-चिकोडीच्या काळ्या रानात ओल जास्त टिकते. सगळ्यात चांगली जागा म्हणजे न्हाणीचं पाणी जिथे मुरतं ती. घरातल्या प्लगची अर्थ पिन मात्र वापरू नका.

कॉइल. शेतातल्या ६३ मिलिमीटर पीव्हीसी पाइपाचा १० सेंटीमीटर तुकडा घ्या. पंपाच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्याकडून २४ गेजची १५ मीटर इनॅमल तार आणा. एकमेकांना चिकटून ६५ वेढे घाला. दर १० वेढ्यांनंतर तारेला पीळ देऊन छोटा फासा काढा आणि त्यावरचं इनॅमल खरवडा.

गँग. म्हणजे केंद्र लावायचा, फिरत्या पात्यांचा कपॅसिटर. बंद पडलेल्या वाल्व्ह रेडिओतला चालतो, त्याचा एकच भाग वापरा. पाती आत गेली की क्षमता वाढते आणि फ्रीक्वेन्सी खाली येते. या कॉइलला धारवाडसाठी सुमारे १७५ पिकोफॅरड लागतात. त्यातला काही वाटा एरियल स्वतःच देतं, त्यामुळे गँग थोडा उघडा राहील.

डायोड. हा वीज एकाच दिशेने जाऊ देतो आणि रेडिओलहरीतून आवाज वेगळा काढतो. जर्मेनियमचाच हवा, ओए-७९ किंवा वन-एन-३४. मी आधी सिलिकॉनचा ४००७ लावला आणि अख्खी संध्याकाळ काही ऐकू आलं नाही. सिलिकॉनला सुमारे ०.६ व्होल्ट लागतात, जर्मेनियम ०.२ च्या आसपासच वाहू लागतो. डायोडचं हेच काम एकेकाळी गॅलेनाचा, म्हणजे शिशाच्या खनिजाचा, खडा करायचा. गॅलेनाच्या त्या डिटेक्टरचं अमेरिकन पेटंट जगदीशचंद्र बोस यांना १९०४ साली मिळालं. आपल्या माणसाचं हे काम मुलांना सेट जोडतानाच सांगावं.

इअरफोन. मोबाइलचा ३२ ओहमचा थेट लावू नका, तो सिग्नल गिळून टाकतो. क्रिस्टल इअरफोन घ्या. तो नसेल तर वाजणाऱ्या ग्रीटिंग कार्डातली पितळी चकती चालते. दोन्हीच्या टोकांवर ४७ किलोओहमचा रेझिस्टर आडवा लावा, नाहीतर डायोडमागे व्होल्टेज साचतं आणि आवाज घुसमटतो.

जोडणी. कॉइलचं वरचं टोक एरियलला आणि गँगच्या स्थिर पात्यांना जोडा. खालचं टोक अर्थला आणि गँगच्या बॉडीला. डायोड वरच्या टोकापासून इअरफोनकडे, इअरफोनची दुसरी तार अर्थला. आता गँग अगदी सावकाश फिरवा.

रात्री दूरची केंद्रं एकमेकांत मिसळतात. तेव्हा डायोड वरून काढून अर्थकडून तिसऱ्या फाशावर लावा. कॉइलवरचा भार हलका होतो आणि धारवाड वेगळं निघतं.