‘सर्व गाड्यांना चालतो’ असे लिहिलेला कोड रीडर स्पोर्ट्स कारसाठी घेताय? या चुका टाळा

कोड रीडर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारे उपकरण. त्याच्या खोक्यावर हमखास एक ओळ असते: ‘१९९६ नंतरच्या सर्व गाड्यांना चालतो.’ ही ओळ खोटी नाही, फक्त अर्धी आहे. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून धूर-प्रदूषणाशी संबंधित बिघाड एका ठरावीक पद्धतीने वाचता आले पाहिजेत, अशी सक्ती आली. ती ओबीडी-२ आणि तिचे युरोपीय भावंड ईओबीडी. कायद्याने मागितली तेवढीच, म्हणजे प्रदूषणाशी निगडित इंजिनाची माहिती सामान्य रीडर वाचतात. गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर, एबीएस, एअरबॅग, सस्पेन्शन, उघडबंद होणारे छत या सगळ्यांत काय चालले आहे हे कोणत्या भाषेत सांगायचे, ते कायद्याने कंपन्यांवरच सोडले.

साध्या हॅचबॅकला यातून फारसे अडत नाही. स्पोर्ट्स कारला अडते, कारण तिची महागडी दुखणी बहुतेक इंजिनाबाहेरच असतात. डॅशबोर्डवर सस्पेन्शनचा दिवा लखलखतो आहे आणि हातातला रीडर म्हणतो, ‘एकही दोष नाही’. रीडर खोटे बोललेला नसतो. त्याने सस्पेन्शनला विचारलेलेच नसते.

ब्रँडचे नाव बघून घेणे

‘पोर्शेला चालतो’, ‘बीएमडब्ल्यूला चालतो’ याला काही अर्थ नाही. तुमच्या गाडीची पिढी, वर्ष आणि इंजिन सांगून विचारा. शिवाय ‘चालतो’ म्हणजे काय करतो, हेही विचारा. कोड वाचणे, कोड पुसणे, चालू इंजिनाचे आकडे दाखवणे, एखादा पंप किंवा व्हॉल्व्ह आज्ञा देऊन चालवून बघणे, नवा भाग बसवल्यावर त्याची ओळख पटवून देणे ही पाच वेगवेगळी कामे आहेत. अनेक उपकरणे पहिल्या दोनांवरच थांबतात. बऱ्याच नव्या बीएमडब्ल्यूंमध्ये बॅटरी बदलली की तशी नोंद गाडीत करावी लागते. रोबोटिक गिअरबॉक्सचा क्लच बदलला की तो कुठे पकडतो हे गाडीला नव्याने शिकवावे लागते. हे न करणारा स्कॅनर घेतलात, तर त्या दिवशी गाडी शेवटी दुसऱ्याच्या दारात न्यावीच लागेल.

कोडच्या पहिल्या अक्षराकडेही बघा. पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, सी म्हणजे चॅसी, बी म्हणजे बॉडी, यू म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांचा आपसातला संपर्क. त्यानंतर शून्य असेल तर बहुधा तो सगळ्या कंपन्यांत समान अर्थाचा कोड असतो. पी१ ने सुरू होणारे कोड प्रत्येक कंपनीचे स्वतःचे. स्वस्त रीडर अशा कोडपुढे कधी नुसता आकडा दाखवतो, कधी भलत्याच कंपनीचा अर्थ चिकटवतो. त्यातले दुसरे जास्त घातक.

माझे स्पष्ट मत असे: घरात एकच स्पोर्ट्स कार असेल तर पन्नास ब्रँड वाचणाऱ्या रंगीत टॅब्लेटपेक्षा त्या एका ब्रँडसाठी केलेले साधन बरे. दिसायला ही साधने अगदीच रुक्ष असतात, पण खोलवर जातात. पोर्शेवाले ड्युरामेट्रिक वापरतात, आऊडीसाठी व्हीसीडीएस आहे, फेरारी-मासेरातीसाठी लिओनार्डो.

वापरलेली पोर्शे ९११ घेणाऱ्याला तर अशा साधनाशिवाय पुढे जाऊच नये असे सांगेन. मॅन्युअल गाडीत खालचा गिअर चुकून पडला की इंजिन मर्यादेपलीकडे फिरते. या घटनांची नोंद इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये राहते. ९९७ पिढीत ती सहा टप्प्यांत असते आणि इंजिन किती तास चालले असताना शेवटची घटना घडली, तेही कळते. पहिले टप्पे फारसे काळजीचे नसतात. वरच्या टप्प्यांतल्या नोंदी, त्यातही अलीकडच्या, दिसल्या तर सौदा थांबवून चौकशी करावी. सामान्य रीडरला यातले काहीच दिसत नाही आणि चेक इंजिनचा दिवाही लागलेला नसतो.

जुन्या गाडीत सोळा पिना शोधत बसणे

ओबीडी-२ चे सॉकेट सोळा पिनांचे असते. १९९० च्या दशकातल्या गाड्यांची तऱ्हा वेगळी. त्या काळच्या बीएमडब्ल्यूला बोनेटखाली वीस पिनांचे गोल सॉकेट असायचे, पोर्शे ९६४ (९११ ची जुनी पिढी) मध्ये एकोणीस पिनांचे. जोडकेबल सहज मिळते आणि तिथेच फसगत होते. केबल फक्त तारा जुळवते. पलीकडच्या सॉफ्टवेअरला जुनी भाषा येत नसेल तर सॉकेट घट्ट बसूनही संवाद शून्य.

काही गाड्यांना तर विकतचा रीडर लागतच नाही. पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ मध्ये बोनेटखालच्या डायग्नोसिसच्या डबीत ‘टीईएन’ आणि ‘जीएनडी’ ही टोके तारेने जोडली की दिव्याच्या उघडझापीतून कोड मोजता येतो. (ओबीडी-२ आलेल्या १९९६ पासूनच्या अमेरिकी गाड्या वेगळ्या.) कॉर्व्हेट सी५ ठरावीक बटणे दाबल्यावर आपले कोड डॅशबोर्डवरच लिहून दाखवते, तेही निरनिराळ्या कॉम्प्युटरांचे. आधी गाडीचे सर्व्हिस मॅन्युअल उघडा, मग पाकीट.

स्वस्त डोंगल आणि त्यावरचा आवृत्ती क्रमांक

डोंगल म्हणजे सॉकेटमध्ये लावून फोनशी जोडायचा छोटा रीडर. त्यात असणारी ईएलएम३२७ ही मुळात एका कॅनेडियन कंपनीची चिप. बाजारातले बहुतेक स्वस्त डोंगल तिच्या नकला आहेत. ‘आवृत्ती १.५’ असे मिरवणारा डोंगल दिसला की समजून घ्या: मूळ कंपनीने १.५ नावाची आवृत्ती कधी काढलीच नव्हती. नकला साधे कोड वाचतातही, पण काहींत कितीतरी आज्ञा गाळलेल्या असतात, लांब संदेश अर्धवट येतात आणि काही जुने प्रोटोकॉल, म्हणजे गाडीशी बोलायच्या ठरावीक भाषा, चालत नाहीत. कॉर्व्हेट सी५ जे१८५० व्हीपीडब्ल्यू या प्रोटोकॉलवर बोलते. तो नसलेला डोंगल तिच्यापुढे मुका. आयफोन वापरत असाल तर जुन्या पद्धतीचा ब्लूटूथ डोंगल घेऊ नका. वायफाय किंवा ब्लूटूथ लो एनर्जीचा बघा.

नव्या गाडीचे कुलूप विसरणे

२०१८ च्या आसपासपासून फियाट-क्रायस्लर गटाच्या गाड्यांत, म्हणजे आल्फा रोमिओ ज्युलियासारख्यांतही, सिक्युरिटी गेटवे आला. नोंदणी नसलेले साधन कोड वाचते, पण पुसायला गेले की दार बंद. फोक्सवॅगन गटानेही नव्या गाड्यांत एसएफडी नावाचे असेच संरक्षण आणले आहे. गाडी नवी असेल तर विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा.

रीडर जोडला, पण गाडी बोलत नाही

लगेच परत पाठवायची घाई नको. इग्निशन ऑन आहे ना? मग मल्टीमीटर घ्या. सॉकेटच्या १६ व्या पिनवर बॅटरीचा व्होल्टेज हवा, ४ आणि ५ वर अर्थिंग. व्होल्टेज नसेल तर फ्यूज बघा. कित्येक गाड्यांत तो सिगारेट लायटरच्या सॉकेटबरोबर सामाईक असतो आणि तिथे लावलेल्या कसल्यातरी चार्जरने आधीच उडालेला असतो.

उलट प्रकार म्हणजे एकदम दहा-पंधरा कोड, बरेचसे यू ने सुरू होणारे. असे दिसले की कॉम्प्युटर बदलायच्या गोष्टी बाजूला ठेवून आधी बॅटरी तपासा. स्पोर्ट्स कार बरेच दिवस उभ्या असतात, बॅटरी खाली जाते आणि सुरू करताना व्होल्टेज पडला की एकेक कॉम्प्युटर तक्रार नोंदवतो. बॅटरी चार्ज करा, सगळे कोड उतरवून ठेवा, पुसा आणि गाडी चालवून पुन्हा वाचा. परत येतील तेच खरे. कोडिंग, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या सेटिंग बदलणे, करायचे असेल तर स्थिर व्होल्टेज देणारा चार्जर लावल्याशिवाय हात घालू नका. मध्येच व्होल्टेज कोसळला तर कॉम्प्युटर कायमचा बंद पडू शकतो.

आणि काम झाले की डोंगल काढा. १६ व्या पिनवर वीज सतत असते. रोज फिरणाऱ्या गाडीला ते जाणवत नाही, महिनाभर झाकून ठेवलेलीला नक्की जाणवते.

कोड दिसला की भाग मागवणे

इथे सर्वात जास्त पैसा वाया जातो. पी०१७१ म्हणजे ‘बँक १ चे मिश्रण पातळ’, म्हणजे सिलिंडरांच्या एका बाजूला हवेच्या मानाने इंधन कमी. लोक ऑक्सिजन सेन्सर बदलून मोकळे होतात. रोग म्हशीला आणि औषध पखालीला! सेन्सरने तर फक्त कळवले. त्याच वेळी पी०१७४, म्हणजे बँक २ चा तोच कोड आहे का, ते बघा. दोन्ही असतील तर कारण दोन्ही बाजूंना समान असणार: हवा मोजणारा सेन्सर, इंधनाचा दाब किंवा सामाईक नळीतली गळती. एकच असेल तर शोध त्या बाजूपुरता. आता फ्युएल ट्रिमचे, म्हणजे कॉम्प्युटर इंधन किती वाढवतो-घटवतो याचे आकडे उघडा. आयडलला जास्त आणि अडीच हजार आरपीएमला खाली येत असतील तर कुठूनतरी जादा हवा शिरते आहे. वेग आणि भार वाढवला की वाढत असतील तर इंधन कमी पडते आहे किंवा हवेचे मोजमाप चुकते आहे. म्हणूनच चालू आकडे न दाखवणारा रीडर मी घेऊ नका म्हणतो, कितीही स्वस्त असला तरी.

बँक १ म्हणजे ज्या बाजूला पहिला सिलिंडर आहे ती. व्ही आणि बॉक्सर इंजिनांत ती कोणती, हे अंदाजाने ठरवू नका. ठिणगी देणारा चांगला कॉइल काढून बिघडलेला तसाच ठेवण्याचे प्रकार याच गोंधळातून होतात. मोकळा स्पोर्ट्स एक्झॉस्ट बसवलेल्या गाडीत पी०४२० (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कमी पडत असल्याचा कोड) आला तर तो सेन्सरचा दोष असण्यापेक्षा नव्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची क्षमता कमी असण्याची शक्यता मोठी.

कोड पुसायची घाईही नको. पुसताना फ्रीझ फ्रेम जाते, म्हणजे दोष पकडला त्या क्षणीचे आरपीएम, तापमान, भार सगळे. गाडीच्या स्वतःच्या चाचण्याही शून्यावर येतात. त्या पुन्हा पूर्ण होईपर्यंत प्रदूषण तपासणीत गाडी अडू शकते. नव्या गाड्यांतले ‘पर्मनंट’ कोड तर रीडरने पुसताच येत नाहीत. दोष गेल्याची खात्री पटली की गाडी ते स्वतःच काढते.

नवा रीडर हातात आला की दिवा लागायची वाट न बघता, परत करण्याची मुदत संपण्याआधीच सगळ्या कॉम्प्युटरांचे पूर्ण स्कॅन करा. विक्रेत्याने सांगितलेला एखादा कॉम्प्युटर यादीत दिसलाच नाही, तर ते तेव्हाच कळेल. आणि तो अहवाल तारीख व किलोमीटर लिहून जपा. पुढे कोड आला की तो नवा आहे की आधीपासूनच पडून होता, हे त्यावरून ठरवता येते.