बँकेच्या टेबलावरून सायबर सुरक्षेत: तिशीनंतर वाट बदलायची तर

“ताई, सायबरमध्ये यायचंय, कुठला क्लास लावू?” जुन्या बँकेतली मुलं फोन करून विचारतात. मी उलट विचारते, तू आत्ता कुठल्या टेबलावर बसतोस? क्लास कुणीही लावेल. एटीएमचा हिशेब रोज कसा जुळवतात, हे तिथे शिकवत नाहीत. मी सांगलीकडच्या एका सहकारी बँकेत ईडीपी विभागात, म्हणजे संगणक विभागात होते. आता पुण्यात एसओसीत, म्हणजे चोवीस तास नजर ठेवणाऱ्या कक्षात, अलर्ट म्हणजे संशयास्पद हालचालींचे इशारे तपासते. मला घेतलं ते बँक कळते म्हणून.

पुण्याच्याच कॉसमॉस बँकेतल्या सायबर चोरीचं प्रकरण घ्या. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. एरवी कार्ड घातलं की विनंती स्विचकडे, म्हणजे मधल्या दुवा साधणाऱ्या यंत्रणेकडे जाते, स्विच कोअर बँकिंगला, म्हणजे खाती सांभाळणाऱ्या मुख्य प्रणालीला विचारतो, होकार आला की नोटा बाहेर पडतात. चोरांनी मध्येच बनावट स्विच उभा केला. होकार तोच देत राहिला आणि कोअर बँकिंगपर्यंत प्रश्न गेलाच नाही. क्लोन म्हणजे नकली प्रती केलेल्या कार्डांवर २८ देशांतून पैसे काढले गेले, सोमवारी स्विफ्टवरून, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यावरून हाँगकाँगला १३.९२ कोटी गेले. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये. आता सांगा, एकीकडे पैसे निघालेत आणि दुसरीकडे त्याची नोंदच नाही, ही तफावत आधी कुणाच्या डोळ्यात खुपेल? रोज रिकन्सिलिएशन, म्हणजे हिशेबाची जुळवणी करणाऱ्या कारकुनाच्या.

म्हणून पहिलं काम कागद-पेन्सिलीचं. आपल्या कामातला एक व्यवहार सुरुवातीपासून शेवटपर्यंत काढा. दवाखान्यात बिलिंगला असाल तर बिलाचा प्रवास, गोदामात असाल तर चलनाचा. प्रत्येक टप्प्यावर लिहा: इथे कोण घुसू शकेल, आणि घुसला तर कुठल्या नोंदीत दिसेल? ऑफिसातली खरी नावं किंवा आयपी पत्ते मात्र घरी आणायचे नाहीत.

मग संगणकाकडे. नेटवर्किंग टाळू नका. डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी व्यवस्था) आणि पोर्ट (संगणकाची क्रमांकित दारं) समजल्याशिवाय पुढचं सगळं पाठांतर होतं. आपल्याच वायफायवर वायरशार्क हे नेटवर्कची वाहतूक दाखवणारं सॉफ्टवेअर लावून एक वेबसाइट उघडताना काय काय होतं ते बघा. नंतर विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे संगणकावरच्या घडामोडींच्या नोंदी दाखवणारी खिडकी. मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाका आणि सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२५ क्रमांकाची नोंद शोधा (दिसला नाही तर ऑडिट पॉलिसीत लॉगॉनची फेल्युअर नोंद सुरू करा). बरोबर पासवर्डला ४६२४ येतो. ४६२५ ची रांग आणि शेवटी एक ४६२४, म्हणजे कुणीतरी पासवर्ड आजमावत आत शिरलं असावं, हे दिसलं की आमच्याकडे चहा तसाच राहतो. सोळा जीबी रॅमचा लॅपटॉप असेल तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे संगणकातल्या संगणकात, वाझू हे नोंदी तपासून अलर्ट देणारं सॉफ्टवेअर बसवा. फुकट आहे, आणि अलर्ट कसे तयार होतात ते आतून दिसतं.

सराव फक्त स्वतःच्या मशीनवर किंवा ट्रायहॅकमीसारख्या ऑनलाइन सराव-साइटवर. शेजारच्या पतसंस्थेची साइट ‘सहज तपासून’ बघितली तर आयटी कायद्याच्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हेतू चांगला होता, हे नंतर सांगत बसावं लागतं.

पैसे खर्च करायचे असतील तर ते यानंतर. इंजिनिअरिंगची पदवी असेल तर सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा सुरक्षेचा पदविका अभ्यासक्रम आहे, प्रवेश सी-कॅट परीक्षेतून. नसेल तर सिक्युरिटी प्लससारखं एखादं प्रमाणपत्र सुरुवातीला पुरतं. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’वाल्यांना लेखी मागा, फोन बंद होतो.

काहींना सायबरपेक्षा खरं तर सैन्याची वर्दी हवी असते. सीडीएस या सैन्याच्या अधिकारी-भरती परीक्षेचं वय तिशीत निघून गेलेलं असतं, पण टेरिटोरियल आर्मीत, म्हणजे अर्धवेळ सेवेच्या सैन्यात, अधिकारी व्हायला ४२ पर्यंत अर्ज करता येतो. मात्र ती नोकरीला पर्याय नव्हे. हाताशी कमाई असणं ही तिथली अटच आहे.

मुलाखतीत घरी पकडलेला एकच अलर्ट सांगा, पण पूर्ण: काय दिसलं, काय शंका आली, ती कशी खोटी किंवा खरी ठरली, कुणाला कळवलं असतं. सर्ट-इन या सायबर घटना हाताळणाऱ्या सरकारी संस्थेला घटना सहा तासांत कळवावी लागते, हे माहीत असू द्या.

ऑफर आली की सही करण्याआधी रात्रपाळी किती आठवड्यांनी येते, रात्री गाडी घरापर्यंत सोडते की नाक्यापर्यंत, आणि बाँड किती वर्षांचा, हे ईमेलवर विचारा. उत्तर ईमेलवरच घ्या.