तालमूदच्या गोष्टी वाचताना या चुका टाळा

तालमूद या ज्यू धर्मग्रंथातली अखनाईच्या तनूरची गोष्ट बहुतेकांना अर्धीच ठाऊक असते. (तनूर म्हणजे आपला तंदूरच.) तो शुद्ध की अशुद्ध, यावर रब्बींमध्ये, म्हणजे ज्यू धर्मपंडितांमध्ये, वाद पेटतो. रब्बी एलिएझर एकटे एका बाजूला, बाकी सारे दुसऱ्या. त्यांच्या शब्दाखातर कॅरोबचं झाड उपटून शंभर हात लांब जातं, पाणी उलटं वाहतं, शेवटी आकाशवाणीही होते. रब्बी यहोशुआ उभे राहून म्हणतात, ‘ती स्वर्गात नाही.’ तोरा, म्हणजे देवाचं धर्मशास्त्र, माणसांना दिली, आता निकाल बहुमतानं. देव हसतो, ‘माझ्या लेकरांनी मला हरवलं!’ देव हसल्याचं सांगतो कोण? प्रेषित एलियाहू. अलिबागजवळच्या खंडाळ्याला आपल्याकडचे बेने इस्राएल ज्यू ज्याच्या नावानं जातात, तोच.

इथं टाळ्या वाजतात आणि पुस्तक मिटतं. मीही ही गोष्ट कित्येकदा इथवरच सांगितली आहे. पण पुढे एलिएझरना वाळीत टाकतात. ते कळवायला रब्बी अकिवा काळे कपडे घालून जातात, नीट बोलतही नाहीत, दूर बसतात. म्हातारा रडतो. एलिएझरांची बायको इमा शालोम ही सभेच्या प्रमुखाची, गम्लिएलची, बहीण. नवऱ्यानं जमिनीला तोंड टेकून गाऱ्हाणं घातलं तर भाऊ जाईल, म्हणून ती त्यांना जपत राहते. एक दिवस नजर चुकते, भाऊ मरतो. ती म्हणते, सगळी दारं बंद होतात, दुखावलेल्याचं तेवढं उघडं राहतं.

आता मागचं पान उलटा. तालमूदच्या बावा मेत्सिया या भागात ही गोष्ट 59व्या पानावर येते, आणि तिथं विषय चाललाय तो कुणाला शब्दांनी दुखावू नये याचा. तनूर निमित्त.

तालमूदमधल्याच होनी या साधुपुरुषाच्या गोष्टीचंही असंच होतं. होनीला भेटलेला, नातवंडांसाठी कॅरोब लावणारा माणूस वृक्षारोपणाच्या भाषणात हमखास येतो. सत्तर वर्षं झोपून उठलेल्या होनीला मात्र विद्यागृहात कुणी ओळखत नाही, आणि तो मरण मागून घेतो, हे भाषणात बसत नाही.

उरली चमत्कारांची अडचण. सगळं शब्दशः मानणारे आणि शब्दशः घेऊन हसणारे, दोघेही चुकतात, असं ज्यू तत्त्वज्ञ मैमोनिडीजनं 12व्या शतकातच बजावलं होतं. तालमूदमधला रब्बा बर बर हाना हा पंडित साठ घरांएवढा बेडूक पाहतो. बेडकाला साप गिळतो, सापाला कावळा, आणि कावळा झाडावर जाऊन बसतो. झाड केवढं असेल बघा! त्यावर तालमूदमध्येच राव पापा बर श्मुएल म्हणतात, ‘मी तिथं नसतो, तर विश्वास ठेवला नसता.’