थेम्स नदीवर मोटरबोटीची सहल: चार मित्र आणि एक कुत्रा

इंग्लंडमध्ये लेचलेड गावाजवळच्या सेंट जॉन्स लॉकपासून लंडनच्या पश्चिमेकडील टेडिंग्टनपर्यंत थेम्स नदीचा सुमारे 200 किलोमीटरचा पट्टा भरती-ओहोटीपासून मुक्त आहे. या पट्ट्यात 44 लॉक, म्हणजे बोटीला पाण्याच्या एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारे दरवाज्यांचे हौद, आहेत, प्रत्येक लॉकशेजारी एक बंधारा आहे, आणि बोट चालवण्याचा कोणताही पूर्वानुभव नसलेल्या माणसालाही येथे चार-सहा दिवसांसाठी राहण्याची सोय असलेली मोटरबोट भाड्याने मिळू शकते. रेडिंगमध्ये स्थायिक झाल्यापासून आम्ही मित्र जवळजवळ दर उन्हाळ्यात अशी सहल करतो आणि आमची लॅब्रॅडोर कुत्री राणी प्रत्येक वेळी सोबत असते. कुत्र्याला घेऊन जायचे असेल, तर संपूर्ण दिवसाचा आराखडा त्याच्या गरजांवरूनच आखावा, असे माझे आता ठाम मत झाले आहे. तसे केल्याने माणसांचीही सहल अधिक सुरक्षित आणि निवांत होते, हे पुढील तपशिलावरून लक्षात येईल.

बोट ठरवताना सर्वप्रथम कुत्रा चालेल का हे विचारून घ्यावे, कारण काही ठिकाणी त्यासाठी वेगळे शुल्क असते आणि काही बोटींवर कुत्र्यांना परवानगीच नसते. बोटीच्या कडेला उभे राहण्याची जागा किती रुंद आहे, आत उतरण्याच्या पायऱ्या किती उभ्या आहेत आणि सुकाणूजवळ सावली आहे का, हे प्रत्यक्ष पाहून ठरवावे. तीस किलोचा कुत्रा दिवसातून आठ वेळा उचलून खाली न्यावा लागला, तर दुसऱ्या दिवशी कंबर बोलू लागते. माणसांची संख्या चार असणे मला सर्वांत योग्य वाटते: एक जण सुकाणूवर, एक पुढच्या दोराशी, एक मागच्या दोराशी आणि एक फक्त कुत्र्याजवळ. हे चौथे काम इतर कोणत्याही कामात मिसळू नये.

मे ते सप्टेंबर हा काळ चांगला. तरीही निघण्यापूर्वी नदीची स्थिती पाहावीच लागते, कारण आदल्या आठवड्यात वरच्या भागात जोराचा पाऊस झाला असेल, तर ऊन पडलेल्या दिवशीही प्रवाह ओढीचा असतो. या पट्ट्याची व्यवस्था पाहणारी एन्व्हायर्नमेंट एजन्सी ही सरकारी यंत्रणा लॉकच्या दरवाज्यांवर फलक लावते. पिवळा फलक म्हणजे प्रवाह वाढतो किंवा ओसरतो आहे, सावध राहा. लाल फलक म्हणजे प्रवाह जोरात आहे, बोट बाहेर काढू नका. लाल फलक दिसल्यावर काठावरच मुक्काम करावा आणि पायी भटकावे. कुत्र्याला तेही तितकेच आवडते.

पहिल्या सहलीसाठी अ‍ॅबिंग्डन ते वॉलिंगफर्ड हा टप्पा मी सुचवेन. अंतर साधारण 20 किलोमीटर आहे आणि वाटेत कलम, क्लिफ्टन, डेज आणि बेन्सन असे चार लॉक लागतात. नदीवर वेगमर्यादा ताशी 8 किलोमीटर, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाइतकी आहे, आणि प्रत्यक्षात 6 च्या आसपासच जावे, कारण मागे उठणाऱ्या लाटांनी काठ ढासळतो आणि बांधून ठेवलेल्या बोटींमधली चहाची भांडी सांडतात. या वेगाने साडेतीन तास आणि प्रत्येक लॉकला वीस मिनिटे धरली, तर पाच तासांचा प्रवास होतो. हे पाच तास सलग करू नयेत. बहुतेक कुत्रे बोटीवर लघवी-शौच करत नाहीत, ते जिवाच्या आकांताने धरून ठेवतात, म्हणून दर दोन-अडीच तासांनी काठाला लागणे आवश्यक असते. या टप्प्यात डेज लॉकजवळ थांबणे सोयीचे आहे. तेथून विटनम क्लम्प्स या जोड टेकड्या समोर दिसतात, पुलावरून पलीकडे गेले की टेकडीवर चढणारी पायवाट आहे, आणि तासाभराच्या चढउतारानंतर कुत्रा उरलेला सगळा प्रवास झोपून काढतो. याच लॉकच्या थोडे खाली टेम नावाची छोटी नदी थेम्सला मिळते. त्या संगमाच्या वरच्या थेम्सला जुन्या काळापासून आयसिस असेही म्हणतात.

आता लॉकविषयी, कारण बहुतेक अपघात तेथेच होतात. लॉक म्हणजे पाण्याची पायरी. दोन्ही टोकांना दरवाजे असलेल्या मोठ्या हौदात बोट उभी करायची, दरवाजे बंद करून पाणी भरायचे किंवा सोडायचे, आणि पातळी बरोबर झाली की पुढचा दरवाजा उघडून बाहेर पडायचे. उन्हाळ्यात दिवसा बहुतेक लॉकवर रक्षक असतात आणि ते अत्यंत मदत करतात. ते नसतील तेव्हा ऑक्सफर्डच्या खालच्या लॉकवर बटणे दाबून आपणच दरवाजे चालवायचे असतात. आत शिरताना अगदी हळू शिरावे, पुढचा आणि मागचा असे दोन्ही दोर काठावरच्या खुंट्याला वळसा घालून आणावेत, टोक हातात धरावे आणि इंजिन बंद करावे. दोराला गाठ कधीही मारू नये. पाणी खाली जात असताना गाठ मारलेली बोट दोराला टांगली जाते आणि कलंडते. त्या क्षणी ताणलेली गाठ कोणाच्यानेही सुटत नाही, म्हणून धारदार सुरी हाताशी ठेवावी. दुसरा धोका उंबरठ्याचा. वरच्या दरवाज्याच्या पायाशी पाण्याखाली पक्का उंबरठा असतो, आणि खाली उतरताना बोटीचा मागचा भाग त्यावर टेकला तर बोट पुढे झुकून तिच्यात पाणी शिरू शकते. त्याची जागा भिंतीवर खुणेने दाखवलेली असते. त्या खुणेच्या बऱ्याच पुढे बोट ठेवावी.

हे सर्व चालू असताना कुत्रा केबिनमध्ये असावा आणि चौथ्या मित्राने त्याचा पट्टा हातात धरून बसावे. काठावर उतरवायचाच असेल, तर लॉकच्या आवारात तो पट्ट्यावरच असला पाहिजे. मी हे इतक्या आग्रहाने सांगतो आहे, कारण आमच्या दुसऱ्याच सहलीत बोट काठाला लागण्याआधी राणीने उडी मारली, ती दीड हात कमी पडली आणि दगडी भिंत व बोट यांच्या मधल्या फटीत पाण्यात पडली. सुकाणूवर मी होतो. मी इंजिन न्यूट्रलमध्ये टाकले, एका मित्राने पायाने नव्हे तर आकडीच्या काठीने बोट भिंतीपासून दूर ढकलून धरली आणि दुसऱ्याने तिच्या लाइफ जॅकेटच्या पाठीवरच्या मुठीला धरून तिला वर ओढले. जॅकेट नसते, तर ओल्या अंगाचा, घाबरलेला कुत्रा तेवढ्या अरुंद जागेतून कसा काढला असता, हे मला आजही सांगता येणार नाही. म्हणून कुत्र्याचे लाइफ जॅकेट पोहण्यासाठी नसून उचलण्यासाठी आहे असे समजावे, आणि विकत घेताना पाठीवरची मूठ भक्कम शिवलेली आहे का ते त्याच्या पूर्ण वजनाने उचलून पाहावे. कितीही चांगला पोहणारा कुत्रा असला, तरी बोटीची उभी, गुळगुळीत बाजू त्याला चढता येत नाही.

कुत्र्याला गळपट्ट्याने बोटीला बांधून ठेवणे मात्र पूर्णपणे टाळावे. तो कडेवरून घसरला, तर लटकतो. पट्टा नेहमी माणसाच्या हातात असावा. सहलीच्या पहिल्या तासात त्याला उभ्या बोटीवर हुंगू द्यावे, मग काठाला बांधलेल्या अवस्थेतच इंजिन चालू करून त्या आवाजाची सवय होऊ द्यावी आणि नंतरच निघावे. घरची जुनी सतरंजी व खाली न घसरणारी रबरी चटई अंथरली, तर त्याला आपली जागा कळते. उन्हात बोटीचा पृष्ठभाग फार तापतो. आपण अनवाणी उभे राहून पाहावे, आपल्याला चटका बसला तर त्यालाही बसतो.

खाण्याच्या बाबतीत आपल्या मराठी घरांना एक विशेष सूचना करावीशी वाटते. सहलीत चिवड्याचा डबा उघडा राहतो, शिरा किंवा कांदेपोहे ताटलीत उरतात आणि कुत्र्याला प्रेमाने घास दिला जातो. बेदाणे आणि द्राक्षे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात. कांदा-लसूण, कच्चा असो वा शिजवलेला, त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतो. सर्व मित्रांना निघतानाच हे स्पष्ट सांगावे आणि कुत्र्याचा खाऊ वेगळ्या डब्यात ठेवावा.

पिण्याचे पाणीही बोटीच्या टाकीतले द्यावे. नदीचे पाणी स्वच्छ दिसले तरी त्यात लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असू शकतात. मुंबई-कोकणात पावसाळ्यात ज्याची धास्ती असते तोच हा आजार, आणि कुत्र्याला त्याची लस वेळेवर दिलेली असली पाहिजे. हातापायाला जखम असलेल्या माणसांनीही ती झाकून घ्यावी. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात संथ पाण्यावर हिरव्या रंगाच्या सायीसारखा थर दिसला, तर तेथे कुत्र्याला पाण्यात उतरूच देऊ नये. त्या निळ्या-हिरव्या शेवाळाच्या विषाने कुत्रे काही तासांत दगावू शकतात.

सुकाणू धरणाऱ्यासाठी थोडे. बोटीला ब्रेक नसतो. थांबायचे तर आधी वेग कमी करायचा आणि मग थोडा रिव्हर्स द्यायचा. समोरून बोट आली की आपल्या उजव्या बाजूने जायचे. वल्ही मारणाऱ्यांचे तोंड मागे असते, त्यांना आपण दिसत नाही, म्हणून आपणच वाट द्यायची. शिडाच्या बोटी नागमोडी जातात. त्यांचे वळण पाहून मागून जायचे. पुलाखाली प्रवाहाबरोबर येणाऱ्या बोटीला आधी जाऊ द्यायचे, कारण तिला थांबणे कठीण असते. काठाला लागताना बोटीचे तोंड नेहमी प्रवाहाच्या विरुद्ध ठेवावे, त्यासाठी वळून यावे लागले तरी चालेल, आणि पुढचा दोर प्रथम बांधावा. मग प्रवाहच बोट काठाशी आणून ठेवतो. बंधाऱ्याकडे जाणाऱ्या फाट्याजवळ मोठे इशाऱ्याचे फलक असतात. तेथे इंजिन बंद पडले तर वेळ थोडा असतो, म्हणून नांगर अडगळीत न ठेवता दोरासह पुढच्या टोकाला तयार असावा.

आमच्यापैकी दोघांना पोहता येत नाही. आपल्याकडे पुष्कळांचे असेच असते आणि ते सांगायला संकोच वाटतो, पण निघण्यापूर्वी एकमेकांना विचारावे आणि बोट चालू असताना बाहेर उभ्या असणाऱ्या प्रत्येकाने, पोहता येत असले तरी, लाइफ जॅकेट घालावे. जूनमध्येही हे पाणी इतके थंड असते की पडताक्षणी श्वास अडकतो. कोणी पडले तर प्रथम इंजिन न्यूट्रलमध्ये टाकावे, कारण पाण्याखाली फिरणारा पंखा हा सर्वांत मोठा धोका आहे. मग तरंगणारे कडे किंवा दोर फेकावा. मागोमाग उडी मारू नये, कुत्र्यासाठी तर मुळीच नाही. मदत मागवायची झाली तर 999 या तेथील आपत्कालीन क्रमांकावर सर्वांत जवळच्या लॉकचे नाव सांगावे. तेवढ्यावरून मदतीला येणारे पोहोचतात. याशिवाय स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर बोटीच्या तळाशी साचतो, म्हणून काम झाल्यावर सिलिंडरपाशीच बंद करावा. झोपण्यापूर्वी कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणाऱ्या यंत्राचे बटण दाबून ते वाजते का, हे तपासावे. राहण्याची सोय असलेल्या बोटींवर एप्रिल 2019 पासून हे यंत्र सक्तीचे आहे.

मुक्काम अंधार पडण्याच्या दोन तास आधी करावा. अनेक सार्वजनिक काठांवर 24 तासांपर्यंत थांबता येते, पण फलक वाचूनच दोर बांधावेत. काठालगतच्या कुरणात गाई किंवा मेंढ्या असतील, तर कुत्रा पट्ट्यावरच ठेवावा. तेथील शेतकऱ्यांना यात सूट देणे परवडत नाही आणि वासरू जवळ असलेली गाय कुत्र्यावर धावून येते. मे-जूनमध्ये पिलांसह असलेल्या हंसांपासूनही लांबच राहावे. विष्ठा पिशवीत उचलून कचराकुंडीपर्यंत न्यावी. झुडपात टाकलेली पिशवी पुराच्या पाण्याबरोबर पुन्हा नदीतच येते. जमिनीत ठोकलेल्या लोखंडी खुंट्यांना पांढरे फडके बांधावे, म्हणजे संध्याकाळी चालणारे त्यात अडखळत नाहीत. रात्री शेवटची फेरी मारताना टॉर्च घ्यावा आणि बोटीवर परतताना कुत्र्याला आधी नव्हे, तर एक माणूस आत गेल्यानंतर चढवावे.

घरी आल्यावर त्याला स्वच्छ पाण्याने आंघोळ घालावी, कान कोरडे करावेत आणि बोटांच्या बेचक्यांत, कानामागे व काखेत गोचीड चिकटली आहे का, हे उजेडात नीट पाहावे. पुढचे दोन आठवडे त्याला ताप, उलट्या किंवा मलूलपणा जाणवला, तर पशुवैद्याकडे जावे आणि तो नदीच्या पाण्यात उतरला होता, हे पहिल्याच वाक्यात सांगावे.