मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर आणि विमानाचा वेळ घरबसल्या कसा काढाल?

मुलगा किंवा लेक-जावई अमेरिकेत असले की घरात हा प्रश्न निघतोच: "किती तास लागतात गं?" आई पहिल्यांदा एकटी न्यूयॉर्कला निघाली, तेव्हा मी तिला वहीच्या पानावर हिशेब मांडून दिला होता. तोच इथे देते.

आधी अंतर. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून ते मोजू नका. नकाशा सपाट आहे, पृथ्वी गोल. मुलांचा पृथ्वीगोल काढा आणि शिवणाचा दोरा घ्या. एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर धरून दोरा घट्ट ताणा. नकाशावरची रेघ सौदी अरेबिया, उत्तर आफ्रिका अशी जाते. दोरा मात्र उत्तरेकडे सरकतो, सेंट पीटर्सबर्गजवळून थेट आइसलँडवर चढतो. आईला हे पटेना. तिने दोनदा स्वतः दोरा ताणून पाहिला.

आता तेवढाच दोरा विषुववृत्तावर ठेवा. तो साधारण ११३ अंश भरतो. तिथला एक अंश म्हणजे १११ किलोमीटर. गुणाकार केला की सुमारे साडेबारा हजार किलोमीटर येतात.

मग तास. मोठं विमान वर स्थिरावलं की ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास जातं. साडेबारा हजारांना ९०० ने भागलं की जवळपास चौदा तास. धावपट्टीपर्यंतची रांग, चढणं-उतरणं यांचा अर्धा-पाऊण तास वेगळा धरा.

खरा फरक पाडतो तो वारा. दहा-एक किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यांना जेट प्रवाह म्हणतात. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. थंडीत त्यांचा जोर वाढतो. शिवाय दोऱ्याची वाट विमानाला नेहमी मिळत नाही: २०२२ मध्ये रशियाने अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली, एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना. तेव्हा वळसा आलाच. एकूण थेट विमानाला जाताना साडेपंधरा-सोळा तास धरा, येताना तास-दीड तास कमी.

तिकिटावरचे तास मोजताना सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण दोन्ही वेळा आपापल्या गावच्या असतात. समजा, मुंबईहून पहाटे २ ला निघून त्याच तारखेला सकाळी ८ ला पोहोचायचं आहे. सहा तास नव्हेत! उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं; सहात साडेनऊ मिळवा, साडेपंधरा झाले. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत हा फरक साडेदहा तासांचा होतो. परतीला उलटं, फरक वजा करायचा. मध्ये विमान बदलायचं असेल तर तिथल्या थांब्याचे तास यातच येतात, ते वेगळे मिळवू नका.

आणि तारीख नीट बघा, अगदी कळकळीने सांगते. १५ तारखेचं पहाटे २ चं विमान म्हणजे १४ च्या रात्री अकराच्या आत विमानतळावर हजर राहायचं. आमच्या नात्यातल्या एका काकांनी १५ च्या रात्री बॅगा बाहेर काढल्या होत्या. मी आईच्या वहीत म्हणून तारखेऐवजी लिहिलं: "मंगळवारी रात्रीचं जेवण लवकर, मग निघायचं."