स्कॅनिंगला आधी काय काढायचं?

जुनं तेवढं नाजूक असं धरून बहुतेक वाचनालयं स्कॅनिंगला आधी पोथ्या काढतात. मी अंबाजोगाईत ग्रंथपाल आहे आणि माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी वर्तमानपत्रांचे गठ्ठे काढा. पोथ्यांचा, म्हणजे दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यासारखा हातकागद चिंध्यांच्या लगद्याचा. खारव्यात, म्हणजे जाड लाल कापडात, नीट बांधलेली पोथी शतकं काढते. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यात आम्ल असतं. तो कपाटात पडल्या पडल्या पिवळा होतो, मग तुटतो. 1948 च्या आसपासचा, मुक्तिसंग्रामाच्या बातम्यांचा अंक असेल तर एक दिवसही थांबू नका.

फक्त एप्रिल-मे टाळा. आपल्याकडच्या त्या कोरड्या उन्हात कागद कडक होतो, पान उलटताना कोपरा हातात येतो. दिवाळीच्या सुमाराचे दिवस चांगले.

हात धुऊन कोरडे करा. मऊ ब्रशने धूळ शिवणीकडून बाहेरच्या बाजूला झटका. फाटलं तर सेलोटेप अजिबात नको, त्याचा डिंक कागदात उतरतो आणि डाग कायमचा राहतो. तुटलेला तुकडा त्याच पानाच्या पाकिटात ठेवा. चिकटलेली पानं सुरीने सोडवू नका. पोथीला ओला हात लावू नका, काजळाची शाई पाण्याने पसरते.

झेरॉक्स मशीनवर बांधीव खंड दाबला की शिवण गेलीच. त्यापेक्षा स्टँडवर कॅमेरा खाली तोंड करून लावा, दोन्ही बाजूंनी तिरके एलईडी दिवे, फ्लॅश बंद. खंड पूर्ण उघडत नसेल तर दोन्ही पुठ्ठ्यांखाली उशा देऊन अर्धाच उघडा. आणि पातळ पानामागे काळा कागद सरकवा. पाठीमागची छपाई पुढे उमटते ती त्याने दबते, अक्षर लख्ख येतं. एवढ्या साध्या गोष्टीने वाचता न येणारे रकाने वाचता येतात.

छपाईला 300 डीपीआय (इंचाला तेवढे ठिपके), पोथीला 400. पहिल्या फोटोत मोजपट्टी आणि रंगकार्ड (रंग ताडून बघायला छापील रंगांचं कार्ड) ठेवा. मूळ फाइल टिफ (TIFF) या प्रकारात, त्यात चित्राचा दर्जा कमी होत नाही. ए-फोर आकाराचं एक रंगीत पान 300 डीपीआयला साधारण 25 एमबी होतं, त्या हिशेबाने हार्डडिस्क घ्या. वाचकांसाठी वेगळी पीडीएफ. तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावात. फाइलच्या नावात तारीख आणि पान हवंच. पोथीच्या सुट्या पानांना 1अ, 1ब असे क्रमांक द्या, तेही पानावर नाही, फाइलींच्या यादीत. पानावर पेन लावू नका.

सगळ्यांना खुलं करण्याआधी हक्क बघा: लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं.

आणि स्कॅन झालं म्हणून मूळ अंक रद्दीत देऊ नका. फोटो हुकलेला रकाना त्यातूनच परत घ्यावा लागतो.